ऐतिहासिक कादंबऱ्या वाचून लष्करी किंवा घराण्याच्या इतिहासाची गोडी खरोखर लागते का?

लागते, कारण कादंबरी सेनापतीबरोबरच उपाशी शिपाई आणि घरी पत्राची वाट पाहणारी त्याची बायकोही दाखवते, आणि मग आपल्या घरातून कोण गेले होते, हा प्रश्न आपोआप पडतो. पहिल्या महायुद्धावरील कादंबरी वाचणाऱ्या गिरगावातील वाचकाला इराकमधील कूत शहराचा वेढा (डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916) प्रथम तिथेच भेटतो आणि वेढ्यात मराठा पलटणीही होत्या, हे नंतर कळते. त्याच मोहिमेतील मृतांच्या बसरा येथील स्मारकावर बहुतेक भारतीय शिपायांची नावे कोरलेलीच नाहीत (हा भेदभाव कादंबरीपेक्षा जास्त बोचतो), पण राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत अनेकांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा सापडतो. साताऱ्याचे किंवा रत्नागिरीचे मूळ गाव ठाऊक असेल, तर शोध तिथूनच सुरू करावा. पूर्वज जहाजावर असल्यास मस्जिद बंदर भागातील खलाशांच्या निवासगृहातले दोन्ही महायुद्धांचे स्मारक पाहावे.

त्याआधीच्या काळासाठी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या आणि काळा घोड्याजवळील राज्य पुरालेखागार उपयोगी पडते, मात्र पेशवेकालीन कागद वाचायचे तर मोडी लिपी शिकण्याला पर्याय नाही. कादंबरीतील संवाद आणि प्रेमप्रकरणे पुरावा म्हणून धरू नयेत. तारीख, पलटण आणि ठिकाण एवढेच टिपून घ्यावे आणि तेही कागदपत्रांशी ताडून पाहावे.