यकृतदानापूर्वी दात्याच्या सीटी स्कॅनवरून संगणक नेमके काय मोजतो?

शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या ठळक दाखवणारे औषध) देऊन घेतलेल्या सीटीच्या प्रत्येक पातळ छेदावर यकृताची कडा आखली जाते आणि आतले क्षेत्रफळ छेदांमधील अंतराने गुणून, सर्व छेदांची बेरीज केली की यकृताचे आकारमान मिळते. त्यानंतर मधल्या यकृतशिरेच्या कडेने पडद्यावरच काप घेऊन रुग्णाला द्यायचा उजवा भाग किती भरेल आणि दात्याकडे किती उरेल, हे शस्त्रक्रियेआधी पाहता येते. उरणारा भाग साधारणपणे पूर्ण यकृताच्या ३० टक्क्यांहून कमी नसावा आणि रोपणाचा भाग रुग्णाच्या वजनाच्या ०.८ टक्के तरी असावा, असे मानतात. यातील पहिली अट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण दाता हा निरोगी माणूस असतो. पित्ताशयाजवळ किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी संगणकाची कडा चुकू शकते, म्हणून रेडिओलॉजिस्ट ती स्वतः तपासून दुरुस्त करतात.