मुलगा रॅपर व्हायचं म्हणतो

प्रश्न : माझा बारावीतला मुलगा रात्रंदिवस एमसी स्टॅन ऐकतो. म्हणतो, आई, मलाही रॅपरच व्हायचं आहे. कोण आहे हा स्टॅन? काळजी वाटते.
– एक आई, इंदोरा, नागपूर

उत्तर : ताई, स्टॅन म्हणजे पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा अल्ताफ शेख. जन्म १९९९चा. लहानपणी तो कव्वाली गायचा, रॅप नंतर आला. २०२० मध्ये ‘तडीपार’ हा अल्बम निघाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ‘बिग बॉस’चं सोळावं पर्व जिंकला. काही गाण्यांत शिव्या आहेत. त्या मलाही खटकतात, तसं मुलाला स्पष्ट सांगा.

पण त्याची भाषा ऐका. ‘शेमडी’सारखा वस्तीतला शब्द त्याने देशभर पोचवला. मला ते फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे विदर्भात खडी गंमत या लोकनाट्यातले शाहीर ठेक्यावर सवाल-जवाब करतच होते की! दीक्षाभूमीवर भीमगीतं ऐकत मी वाढलो. वस्तीचं दुःख तालात कसं बसतं, ते तिथेच कळलं.

मुलाला उसनी पुणेरी-मुंबईया बोली नको म्हणावं. ‘काहून बे’ म्हणणाऱ्या पोराने नागपुरीतच लिहावं. बार म्हणजे तालाचं एक आवर्तन; एका बारमध्ये चार ठोके, असे सोळा बार. मोबाइलवर बीट लावून रोज एवढंच लिहायचं, मोठ्यांदा म्हणायचं, श्वास तुटेल तिथे शब्द कापायचा. बारावीची परीक्षा मात्र द्यायचीच. आणि पहिले सोळा बार त्याने तुम्हाला ऐकवावेत, स्वयंपाकघरात उभं राहून.