मनोविकारांचे निदान आणि रुग्णाची संस्कृती : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी मनोविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. पतीच्या निधनानंतर काही आठवड्यांनी आलेल्या एका बाईंनी सांगितले, की त्यांना पतीचा आवाज ऐकू येतो. घरच्यांना त्यात वावगे वाटत नाही. याला भास समजून औषध सुरू करावे का?

उत्तर : एवढ्या एका अनुभवावरून औषध सुरू करू नये. गेलेल्या जिवलगाचा आवाज ऐकू येणे किंवा तो जवळपास असल्याचे जाणवणे हे शोकाच्या काळात अनेक समाजांत आढळते आणि पुष्कळांना त्यातून आधारच मिळतो. मात्र ‘आमच्यात असे होतेच’ हे उत्तर ऐकून निश्चिंत होणेही तितकेच धोक्याचे आहे, कारण रूढीच्या आड खरा आजार दडून राहू शकतो. आवाज काय सांगतो, त्याने दिलासा मिळतो की भीती वाटते, झोप, भूक आणि रोजचे व्यवहार कितपत सुरळीत आहेत, बोलण्यातली संगती टिकून आहे का आणि पतीच्या मागे जाण्याचा, म्हणजे जीव देण्याचा, विचार मनात येतो का, हे सारे थेट विचारावे. शेवटचा प्रश्न संकोचापोटी कधीही वगळू नये.

त्यानंतर नातेवाइकांना विचारावे : तुमच्यातील इतर शोकाकुल माणसांना येतो तसाच हा अनुभव आहे, की यांच्या बाबतीत काही निराळे दिसते? ज्यांची श्रद्धा तीच आहे, त्यांनाच तिची मर्यादा कुठे ओलांडली गेली हे बहुधा आधी कळते. ‘डीएसएम’ या निदान-नियमावलीतही एखाद्या समजुतीला भ्रम ठरवताना ती त्या व्यक्तीच्या समाजात सर्वसामान्यपणे मानली जाते का, हे पाहणे अपेक्षित असते. म्हणून हा प्रश्न निदानाचाच भाग आहे, वेळ उरला तर विचारायचा नव्हे.

प्रश्न : पाठदुखी, थकवा आणि छातीतील जडपणा यांसाठी मी डॉक्टरांकडे गेलो. तपासण्यांत काही निघाले नाही, तेव्हा त्यांनी मनःस्थितीविषयी विचारले. माझे दुखणे त्यांना खोटे वाटते का?

उत्तर : नाही. शरीराच्या तक्रारींतून व्यक्त होणारे नैराश्य जगभर आढळते. 14 देशांतील सामान्य दवाखान्यांत आलेल्या, नैराश्य असलेल्या 1146 रुग्णांचा अभ्यास 1999मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील 69 टक्के रुग्णांनी आधी केवळ शारीरिक तक्रारीच सांगितल्या होत्या. पण थेट विचारल्यावर मानसिक लक्षणे नाकारणारे 11 टक्केच होते. अमुक समाजातील लोकांना भावना सांगताच येत नाहीत, असे जे सहज बोलले जाते, ते या आकड्यांपुढे टिकत नाही. जिथे रुग्णाचा ठरावीक डॉक्टरांशी सततचा संबंध नव्हता, तिथे केवळ शारीरिक तक्रारी सांगण्याचे प्रमाण अधिक होते, हेही त्याच अभ्यासात दिसले. दुखणे खरे असते आणि त्याच्या मुळाशी नैराश्यही असू शकते, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी विचारले ते योग्यच केले.

प्रश्न : मी समुपदेशक आहे. वेगवेगळ्या समाजांची वैशिष्ट्ये पाठ करून ठेवली तर उपयोग होईल का?

उत्तर : फारसा नाही, उलट अपायच संभवतो. एकाच समाजातील दोन माणसांत वय, शिक्षण, लिंग, स्थलांतर आणि श्रद्धा यांमुळे मोठे अंतर असते. यादी हाताशी असली, की समोरच्या माणसाला विचारण्याची गरजच वाटेनाशी होते. 2013मध्ये आलेल्या ‘डीएसएम-5’मध्ये यासाठी 16 प्रश्नांची एक मुलाखत दिली आहे. तुमची अडचण तुम्ही स्वतःच्या शब्दांत कशी सांगाल, ती कशामुळे उद्भवली असे तुम्हाला वाटते, आजवर कुठे मदत घेतली आणि मदत घेण्याच्या आड काय आले, असा तिचा रोख आहे. ती आवर्जून शिकून घ्या.

तपासणाऱ्याचीही संस्कृती असते, ही गोष्ट मात्र फार थोडे जण ध्यानात घेतात. 1960च्या दशकात न्यूयॉर्कमधील रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या गंभीर मनोविकाराचे, निदान लंडनपेक्षा पुष्कळ अधिक होत असे. संशोधकांनी दोन्हीकडील रुग्णांना एकाच पद्धतीने तपासले, तेव्हा हा फरक बराचसा नाहीसा झाला. फरक मुख्यतः डॉक्टरांच्या निदान करण्याच्या सवयींत होता.

प्रश्न : डॉक्टरांना आईची भाषा येत नाही, म्हणून मीच दुभाषा होतो. चालेल का?

उत्तर : तातडीच्या वेळी चालेल, एरवी प्रशिक्षित दुभाषा मागावा. आई काही गोष्टी मुलासमोर बोलणार नाही आणि तुम्हीही नकळत काही गाळाल. लहान मुलांवर तर हे काम कधीच सोपवू नये.

प्रश्न : भाऊ लिथियम, म्हणजे मनःस्थितीतील टोकाचे चढउतार आवरणारे औषध, घेतो आणि धार्मिक व्रतही पाळतो. दीर्घ उपवासाविषयी डॉक्टरांना सांगितले तर ते रागावतील, असे त्याला वाटते.

उत्तर : सांगणे अत्यावश्यक आहे. पाणी आणि मीठ कमी झाले, की रक्तातील लिथियमची पातळी वाढून विषबाधा होऊ शकते. श्रद्धेची टवाळी करणाऱ्या डॉक्टरांपासून रुग्ण अशीच माहिती लपवतो, त्यामुळे पहिली जबाबदारी डॉक्टरांची आहे. व्रत सुरू होण्यापूर्वीच भेटावे आणि औषधाची मात्रा, वेळ व रक्ततपासणी त्यांच्याशी ठरवून घ्यावी. भावाने आपल्या मनाने औषध बंद करू नये. हातांना जाड कंप, उलट्या, जुलाब, तोल जाणे किंवा बोलण्यात जडपणा दिसला, तर पुढची मात्रा देण्यापूर्वी त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.