तुझ्या पायातल्या कळेविषयी

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझं बोलणं ऐकलं आणि कळलं, की पायापेक्षा एमआरआयच्या कागदाने तुला जास्त धास्तावलंय. घरात एकजण म्हणतो ऑपरेशन करून मोकळी हो, दुसरा म्हणतो मणक्याला हात लावला की माणूस कायमचा बसतो. दोघांचीही माया खरी, पण मायेपोटी दिलेला सल्ला म्हणजे उपचार नव्हे. मी डॉक्टर नाही. कंबरेतून पायात उतरणारं हे दुखणं, म्हणजे सायटिका, मी काढलंय आणि भजनात तासन्‌तास मांडी घालून बसणाऱ्या कितीतरी वादकांना काढताना पाहिलंय. त्यानंतर जे वाचलं, विचारलं, ते तुला सांगते.

आधी सर्वांत महत्त्वाचं. लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधल्या, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला किंवा दोन्ही पायांतली ताकद जायला लागली, तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करून थेट बांबोळीला, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. लाजून गप्प बसायची ही गोष्ट नाही. तिथे तासांचा हिशेब असतो. पाऊल उचलेनासं झालं, चालताना चप्पल घासायला लागली, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठ. रोज सकाळी भिंतीला हात टेकून चार पावलं टाचांवर आणि चार पावलं चवड्यांवर चालून बघ. कळ किती आहे यापेक्षा ताकद टिकून आहे का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

यातलं काही नसेल, तर तुझ्या हातात वेळ आहे. रिपोर्टमधल्या 'एक्स्ट्रूजन' या शब्दाने तू घाबरलीस. कंबरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी फाटून तिचा गर बाहेर आलाय. तो नसेच्या मुळाला दाबतो आणि तिथे सूजही आणतो, म्हणून कळ नितंबातून पोटरीत उतरते. पण असा बाहेर पडलेला गर शरीर बरेचदा हळूहळू शोषून घेतं, आणि नुसत्या फुगलेल्या गादीपेक्षा असा सुटलेला गर विरघळण्याची शक्यता जास्त असते. बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ उतरते. शिवाय काही दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही फुगलेल्या गाद्या सर्रास दिसतात. म्हणून डॉक्टरांना विचार, चित्रात दबलेली नस आणि माझ्या पायात दुखणारी जागा जुळते का?

तोवर अंथरूण धरू नकोस. फार कळ असेल तर एखादा दिवस पड, पण मग घरात, अंगणात थोडं थोडं चाल. एक खूण लक्षात ठेव. पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली नितंबात अशी वर सरकत गेली, तर कंबर जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण आहे. ज्या व्यायामाने कळ खाली पावलाकडे उतरते तो थांबव. फिजिओथेरपिस्टला हे नेमकं सांगता आलं, की तो तुझ्यासाठी व्यायाम निवडू शकतो. यूट्यूबवरचा व्यायाम तुझा पाय बघत नाही.

तुझी खरी अडचण पेटीची बैठक आहे. मांडी घालून, पुढे वाकून, डाव्या हाताने भाता मारताना कंबर एकाच बाजूला पिळलेली राहते. दुखऱ्या गादीला याहून वाईट आसन शोधून सापडणार नाही. या चवथीला आरतीची पेटी टेबलावर ठेव आणि खुर्चीवर बसून वाजव. कोणी कुरकुर केली तर माझं नाव सांग. अर्ध्या तासाने उठायचं. पेटी दुसऱ्याने उचलायची. पेडण्याहून पणजीपर्यंत स्कूटरवर खड्डे आणि गतिरोधक झेलण्यापेक्षा सध्या कदंबाच्या बसने जा.

गोळ्यांचं थोडक्यात सांगते. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढेच दिवस, आणि रिकाम्या पोटी नाहीत. 'नसेची गोळी' म्हणून प्रीगॅबालिन सुरू केली असेल तर हे माहीत असू दे: ऑस्ट्रेलियात २०९ सायटिकाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त आराम दिला नाही, चक्कर मात्र जास्त आली. पण मनानेच एकदम बंद करू नकोस, डॉक्टरांशी बोल. कंबरपट्टा आणि वजन लावून कंबर ताणणं (ट्रॅक्शन) यांवर फार खर्च करावा असं मला वाटत नाही.

आजी धारगळच्या आयुर्वेद संस्थेत जा म्हणते, तर जरूर जा. तेल, शेक, कटीबस्ती (कंबरेवर कोमट तेल धरून ठेवणं) यांनी आखडलेले स्नायू सैल होतात, झोप लागते, आणि झोप लागणं ही या दुखण्यात मोठी गोष्ट आहे. तिथे शिकलेले वैद्य आहेत. पण पाठीवर पाय देऊन 'नस बसवणाऱ्या'कडे पाऊल टाकायचं नाही, आणि नाव नसलेली पुडी घ्यायची नाही. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं.

मणक्यातल्या इंजेक्शनने काहींना काही आठवडे थोडा उतार मिळतो. त्या उतारात चालणं-व्यायाम होणार असेल तर त्याचा विचार कर.

आता ऑपरेशन. नेदरलँड्समध्ये २८३ जणांवर अभ्यास झाला, तो २००७ साली छापून आला. सगळ्यांना सहा ते बारा आठवडे कडक सायटिका होती. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर गेली: निम्मे लोक साधारण चार आठवड्यांत बरे झाले, थांबलेल्यांना त्यासाठी बारा लागले. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं, हेही विसरू नकोस. म्हणजे ताकद शाबूत असताना तू ऑपरेशनने वेळ विकत घेतेस. कळ सोसवत असेल तर थांब. रात्र रात्र झोप नाही, काम सुटलं, आणि दोन-तीन महिन्यांत उतार नाही, तर ऑपरेशन करून घ्यायला मुळीच भिऊ नकोस. त्यात हार कसली?

बांबोळीच्या ओपीडीत जाताना एमआरआयची फिल्मसुद्धा ने, नुसता रिपोर्ट नको. सर्जनना विचार: सहा आठवडे थांबले तर काय धोका? ऑपरेशननंतर तीच गादी पुन्हा सरकण्याची शक्यता किती? जमिनीवर बसून वाजवायला कधी मिळेल? खाजगी इस्पितळात जायचं ठरलं तर डीडीएसएसवाय, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या, कार्डावर हे ऑपरेशन तिथे बसतं का, ते दाखल होण्याआधी विचारून घे. तारीख ठरली की कळव, मी बरोबर येते.

तुझी,
बाई