उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

प्रश्न : माझी कार दोन-तीन दिवस जागेवर उभी राहिली की सुरू होत नाही. बॅटरी नवी बसवली, तरी तक्रार कायम आहे. घरी साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. गॅरेजला नेण्यापूर्वी त्याच्या साहाय्याने दोष शोधता येईल का?

उत्तर : येईल, किंबहुना नवी बॅटरी घेण्याआधीच ही तपासणी व्हायला हवी होती. प्रथम गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर व्होल्टेज मोजावे. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे ती जवळपास अर्धी उतरलेली आहे. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारणपणे 13.8 ते 14.5 च्या दरम्यान असावा. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटरचे (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे) नियंत्रण संगणकाकडे असल्यामुळे तो खालीवर होतो, म्हणून एकाच वाचनावरून अल्टरनेटरला दोष देऊ नये.

हे दोन्ही आकडे ठीक असतील, तर गाडी बंद असतानाही कुठेतरी विजेची गळती होत आहे, असे समजावे. तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता अधिक वाटते. गळती मोजण्यासाठी मीटर डीसी अँपिअरवर ठेवून लाल वायर 10 अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालावी, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवावी आणि ती केबल व निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडावा. या स्थितीत इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, कारण स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो आणि मीटरचा फ्यूज तत्काळ उडतो.

बहुतेकांची फसगत होते ती यानंतर. केबल जोडताच मीटर काही अँपिअरही दाखवेल, पण ती गळती नव्हे. गाडीतील नियंत्रण यंत्रणा तेव्हा जाग्या असतात आणि त्या झोपी जायला अर्धा तास, क्वचित त्याहून अधिक वेळ लागतो. तोवर दार उघडू नये आणि रिमोटची किल्ली दूर ठेवावी. त्यानंतरचे वाचन 50 मिलिअँपिअरच्या आत असेल, तर काळजीचे कारण नाही. मात्र ते अर्धा अँपिअर असेल, तर दिवसाला 12 अँपिअर-तास खर्ची पडतात आणि 45 अँपिअर-तासांची बॅटरी दोन-तीन दिवसांत गाडी सुरू करण्याच्या लायकीची उरत नाही.

आता फ्यूज एकेक काढून कोणत्या फ्यूजला आकडा घसरतो ते पाहावे. दार न उघडता फ्यूज बॉक्सपर्यंत पोहोचता येईल, अशी व्यवस्था आधीच केलेली बरी. डिकीतला किंवा ग्लोव्हबॉक्समधला न विझणारा दिवा आणि नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीम किंवा डॅशकॅम हे नेहमीचे संशयित. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल, तर अल्टरनेटरचा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) निकामी झाल्याची शंका घ्यावी. अल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीला जात असल्याने ते काम मात्र मेकॅनिककडेच सोपवावे.

मोजणी संपताच लाल वायर पुन्हा व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालण्यास विसरू नये; ती अँपिअरच्या सॉकेटमध्येच ठेवून बॅटरीचे व्होल्टेज मोजायला गेल्यास मीटरमधूनच शॉर्टसर्किट होते.