सूत्र पाठ आहे, पण उलटं करता येत नाही

"मॅडम, हिला सगळी सूत्रं तोंडपाठ आहेत. पण त्यातलंच दुसरं काही काढायला सांगितलं की हात थांबतो. हिला गणिताचं डोकंच नाही का?" आईने हे नववीतल्या लेकीसमोरच विचारलं. पोरीने मान खाली घातली. ही काळजी घेऊन इतके पालक येतात की मी डोक्याविषयी बोलतच नाही, वही मागते.

वहीत तापमान सेल्सिअसवरून (से) फॅरनहाइटमध्ये (फॅ) आणायचं सूत्र होतं: फॅ = (९/५) × से + ३२. त्यातून 'से' काढायचा होता. तिने लिहिलं होतं: से = (५/९) × फॅ − ३२.

"फॅच्या जागी २१२ घालून बघ," मी म्हटलं. पाणी उकळतं ते तापमान, म्हणजे १०० यायला हवेत. आले ८५.७८. तिने गुणाकार दोनदा तपासला. गुणाकार बरोबरच होता.

"पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं ना? गुणिलेचं भागिले, अधिकचं वजा." नियम चोख पाठ होता. मला मात्र हे 'पलीकडे गेलं' फार खटकतं. पलीकडे काहीच जात नाही. दोन्ही बाजूंवर आपण एकच क्रिया करतो, आणि ती अख्ख्या बाजूवर. तिने आधी भागलं, ते चालतं, पण मग ३२ लाही भागायला हवं होतं.

"आता १०० पासून सरळ चाल." ९/५ ने गुणून १८०, त्यात ३२ मिळवून २१२. "आता परत ये." तिने २१२ मधून ३२ वजा केले, १८० वर बोट ठेवून थांबली. "म्हणजे शेवटी केलेलं आधी सोडवायचं?" आणि कंस तिचा तिनेच घातला: (५/९) × (फॅ − ३२).

आईला म्हटलं, घरी "बरोबर आलं का" विचारू नका, "आकडा घालून पाहिलास का" विचारा.

पुढच्या भेटीत सरळव्याजाची रास, म्हणजे मुद्दल अधिक व्याज, दिली (द म्हणजे व्याजाचा दर, का म्हणजे काळ): रा = मु + (मु × द × का)/१००, मुद्दल काढ. तिने मु = रा − (मु × द × का)/१०० लिहिलं, पेन ठेवलं आणि लगेच परत उचललं. "उजवीकडेही मु आहे. मग मुद्दल कुठे कळलं?" हे ती स्वतःशीच बोलली. बराच वेळ गेला, मी गप्प राहिले. मग तिने ती ओळ खोडली, मु सामाईक काढला आणि रा ला (१ + (द × का)/१००) ने भागलं. मी काही विचारायच्या आतच आकडे घालायला बसली.