होस्टिंग कंपनीशी वाद : आधी वेबसाइट हलवा, मग भांडा

होस्टिंग कंपनीशी (वेबसाइटसाठी सर्व्हरवर जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीशी) बिनसल्यामुळे वेबसाइट बंद पडल्याच्या तक्रारी या वेळच्या पत्रांत बऱ्याच आहेत. त्यांतील काही प्रश्न निवडून उत्तरे देत आहे.

प्रश्न : वार्षिक बिल आम्ही मुदतीत भरले, तरी कंपनीच्या हिशेबात ते थकीतच दिसते. वेबसाइटच्या जागी ‘खाते निलंबित’ असे पान येते आणि टिकेटला (कंपनीकडे ऑनलाइन नोंदवलेल्या तक्रारीला) उत्तर मिळत नाही. काय करावे?

उत्तर : खाते निलंबित असते तेव्हा फाइली आणि डेटाबेस सहसा सर्व्हरवर जागच्या जागी असतात, फक्त बाहेरच्याला त्या दिसत नाहीत, परंतु सेवाशर्तींत ठरलेली मुदत उलटली की कंपनी खाते कायमचे पुसून टाकू शकते, आणि त्यानंतर तुमची बाजू कितीही खरी असली तरी परत मिळण्यासारखे काही उरत नाही. ती मुदत आजच शोधा. पैसे भरल्याचा व्यवहार क्रमांक, तारीख आणि पावती आहे त्याच टिकेटला जोडा आणि तिथेच बॅकअपची प्रत लेखी मागा. एकाच तक्रारीची चार टिकेटे काढली तर ती चार जणांच्या हाती पडतात आणि प्रत्येक जण पहिल्यापासून विचारत बसतो. वादातली रक्कम फार मोठी नसेल, तर माझा सल्ला असा, की ‘हक्क राखून भरत आहोत’ असे स्पष्ट लिहून ती भरून टाकावी, खाते उघडताच सगळा डेटा उतरवून घ्यावा आणि परताव्याचा तगादा त्यानंतर लावावा. हे पुष्कळांना नमते घेतल्यासारखे वाटते. पण डेटाची एकमेव प्रत त्यांच्या ताब्यात असेपर्यंत तुमचे पारडे हलकेच राहणार.

प्रश्न : आमचे डॉट कॉम डोमेनही होस्टिंग कंपनीकडूनच घेतलेले आहे. होस्टिंगची थकबाकी चुकती केल्याशिवाय डोमेन सोडणार नाही, असे ती म्हणते. तिला तसा अधिकार आहे का? कार्डावरचा व्यवहार बँकेकडून उलटवून घ्यावा का?

उत्तर : डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, ही रजिस्ट्रारकडे (डोमेनांची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे) तुमच्या नावाने झालेली नोंदणी आहे आणि होस्टिंग ही भाड्याने घेतलेली जागा, दोन्हींचे बिल एकत्र आले म्हणून ती एक होत नाहीत. प्रथम आयकॅनच्या (डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) लुकअप पानावर आपले डोमेन टाकून पाहा. तिथे रजिस्ट्रारचे नाव दिसेल, आणि पुष्कळदा ते तुमच्या होस्टिंग कंपनीचे नसते. कंपनी केवळ रिसेलर, म्हणजे रजिस्ट्रारची सेवा पुढे विकणारी, असते. तसे असेल तर सरळ रजिस्ट्रारला लिहा. त्याच पानावर डोमेनची स्थितीही दिसते. ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ हे नेहमीचे कुलूप आहे, ते पाहून घाबरू नका. ‘क्लायंट होल्ड’ असेल तर मात्र डोमेनच गोठवलेले आहे, आणि तुम्ही वेबसाइट कितीही चांगल्या सर्व्हरवर नेली तरी ती उघडणार नाही.

डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण डोमेनांना आयकॅनचे स्थलांतर धोरण लागू होते. त्यानुसार नोंदणीधारकाला पॅनलमधून (खात्याच्या व्यवस्थापन पानावरून) स्वतः ऑथ कोड (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यासाठी लागणारा परवलीचा संकेत) काढण्याची सोय नसेल, तर मागणी केल्यापासून 5 दिवसांत रजिस्ट्रारने तो द्यायचा असतो, आणि केवळ पैशांवरून वाद आहे एवढ्याच कारणाने तो अडवून ठेवता येत नाही. प्रत्यक्ष स्थलांतर नाकारण्याची कारणे ठरलेली आहेत : त्या डोमेनच्या नोंदणीचे शुल्क थकलेले असणे, नोंदणीला किंवा मागील स्थलांतराला 60 दिवस न झालेले असणे, वगैरे. होस्टिंगची थकबाकी त्यांत येत नाही. रजिस्ट्रार दाद देत नसेल तर आयकॅनकडे तक्रार करता येते. देशनिहाय डोमेनांचे नियम मात्र त्या त्या देशाच्या नोंदणी संस्थेचे असतात.

व्यवहार उलटवण्याची घाई करू नका. त्यात डोमेनचे शुल्कही असेल तर ते थकीत ठरते, आणि स्थलांतर नाकारायला कंपनीच्या हाती आयते कारण मिळते. शिवाय वेबसाइट पुन्हा सुरू करायला डोमेनचे स्थलांतर लागतच नाही. डोमेनचे पॅनल तुमच्या हाती असेल तर नेमसर्व्हर (डोमेन कोणत्या सर्व्हरवर उघडायचे हे सांगणारे सर्व्हर) बदलणे पुरते. नोंदणी वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर असेल, तर हे सारे हक्क त्याचे, तुमचे नव्हेत. अनेकांना हे नेमके अशाच वेळी कळते.

प्रश्न : एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइली उतरवण्या-चढवण्याच्या पद्धतीने) उतरवलेल्या वर्डप्रेसच्या सगळ्या फाइली नव्या सर्व्हरवर चढवल्या, पण डेटाबेसशी जोडणी होत नाही असा संदेश येतो. जुने खाते आता बंद आहे.

उत्तर : फाइलींमध्ये थीम, प्लगइन आणि छायाचित्रे असतात, लेख, पाने आणि मागण्यांच्या नोंदी डेटाबेसमध्ये असतात आणि तो एफटीपीने उतरत नाही. कंपनीकडे पूर्ण बॅकअपऐवजी फक्त डेटाबेसची निर्यात मागून पाहा, कारण छोटी मागणी लवकर मान्य होते. दरम्यान उतरवलेल्या फाइली नीट चाळा. अपड्राफ्टप्लससारखे बॅकअप प्लगइन कधी चालू केलेले असेल, तर डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये ‘अपड्राफ्ट’ नावाचा फोल्डर आणि त्यात डेटाबेसची प्रत सापडू शकते. तीही नसेल तर वेबॅक मशीनवरून (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावरून) पाने एकेक करून उचलावी लागतील. काम किचकट आहे, पण मजकूर बराचसा हाती लागतो.

प्रश्न : आमचे ईमेलही त्याच सर्व्हरवर होते. या दिवसांत आलेली पत्रे गेली का?

उत्तर : सर्व्हर प्रतिसादच देत नसेल, तर पाठवणारे सर्व्हर पत्र रांगेत ठेवून साधारण 4–5 दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. पण सर्व्हर चालू असून त्याने ‘असे खाते नाही’ असे उत्तर दिले, तर पत्र तत्काळ परत जाते. म्हणून वेबसाइटच्या आधी ईमेलची सोय दुसरीकडे लावून एमएक्स नोंद (डोमेनची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे जावीत हे सांगणारी नोंद) बदला. तत्पूर्वी संगणकातील जुनी पत्रे स्थानिक फोल्डरमध्ये उतरवून ठेवा. जुनेच आयमॅप खाते (संगणकातील पत्रे सर्व्हरशी जुळती ठेवणारे खाते) नव्या, रिकाम्या सर्व्हरला जोडले गेले, तर ईमेल प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवून घेताना संगणकातील प्रतही रिकामी करू शकतो.

प्रश्न : वेबसाइट बंद राहिल्याने गूगलमधले स्थान जाईल का?

उत्तर : दोन-एक दिवसांनी सहसा बिघडत नाही. तात्पुरते पान लावता येत असेल तर ते 503 या संकेतासह द्या, म्हणजे अडचण तात्पुरती आहे हे शोधयंत्राला कळते. तरीही हे अनेक दिवस चालले तर पाने यादीतून गळू लागतात.

प्रश्न : करारात 99.9 टक्के अपटाइमची (वेबसाइट चालू राहण्याच्या वेळेची) हमी आहे. नुकसानभरपाई मिळेल का?

उत्तर : फारशी आशा धरू नका. 99.9 टक्के म्हणजे 30 दिवसांत सुमारे 43 मिनिटांची सूट; त्यापुढच्या बंद काळासाठी बहुतेक करारांत रोख भरपाई नसून पुढील बिलात वजावट असते, आणि थकबाकीपोटी केलेले निलंबन हमीतून वगळलेले असते. निलंबन चुकीचे होते हे पावतीनिशी दाखवता आले, तरच हे वगळण्याचे कलम तुमच्या आड येणार नाही.